तीन मिलिमीटर डावीकडे

मंगळवारी सकाळी साडेदहाला चाक माझ्या पायावर पडलं. पडलं म्हणजे काय, मी ते सायकलच्या नव्या फ्रेमच्या मागच्या चिमट्यात धरलं, "बस बाई एकदाची" म्हटलं, हात सोडला, आणि ते धड डावीकडे टेकलं नाही, धड उजवीकडे टेकलं नाही, सरळ खाली आलं. टणकन. करंगळी सुजली ती दुपारी. त्या क्षणी दुखलं नव्हतं, अपमान झाला होता. अकरा वर्षं ज्या चाकाने मला दगडगोट्यांतून नेलं आणलं, ते त्या काळ्या चकचकीत फ्रेममध्ये असं दिसत होतं, जणू मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस त्याच्याच ढगळ झालेल्या जुन्या कोटात. असे कोट मी रोज बघते. लोकांचे कपडे आल्टर करणं हा माझा धंदा. बाहेरच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, आरसा आणि आडोशाला पडदा. आत मी एकटी राहते. नवीन कपडा मी शिवत नाही. ज्यांना आपला जुना कपडा सोडवत नाही आणि तो अंगाला तर येत नाही, असे लोक माझ्याकडे येतात, आणि "होईल का हो?" असं विचारताना त्यांचा चेहरा जसा होतो, तसाच माझा आरशात झालेला मी पाहिला. एका हाताने करंगळी धरलेली, दुसऱ्या हातात चाक. म्हटलं, शाब्बास.

सायकलवाल्याला फोन केला. माझी जुनी फ्रेम गेल्या महिन्यात सीटखालच्या जोडाला तडकली तेव्हा ही फ्रेम त्यानेच मिळवून दिली होती. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी तेव्हाच बोललो होतो. तुमचं चाक जुन्या मापाचं. हबची, म्हणजे मधल्या नळीची, रुंदी एकशे पस्तीस मिलिमीटर. नव्या फ्रेमला एकशे अठ्ठेचाळीस लागते. नवीन चाक घ्या, ते भंगारात द्या." भंगारात द्या. किती पटकन म्हणतात लोक. मी विचारलं, "जुनं बसवता येतच नाही का?" तर म्हणाला, "येतं तसं. पण ते किचकट काम आहे. दादांना सांगा ना, ते करतील." झालं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ मशीनवर नुसती पाय ठेवून बसले. तेरा मिलिमीटर म्हणजे माझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोडं जास्त. आणि एवढ्याशा जागेत दादा आख्खा येऊन बसला होता.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. एकसष्ट वर्षांचा, माझ्याहून आठाने मोठा. कारखान्यात टर्नर होता, निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं कातकामाचं लेथ टाकलं. आमच्या सायकलींच्या टोळक्याचा म्होरक्याही तोच. आम्ही पंधरा-वीस जण रविवारी टाकीच्या टेकडीवर जातो. वर पाण्याची मोठी टाकी आहे म्हणून टाकीची टेकडी. दादा मनाने सोनं आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून कुणाला उगाच भलतंच वाटायला नको. त्याचा दोष एकच. माझ्या हातात काही दिसलं की तो ते काढून घेतो. "राहू दे बारके, दे इकडे." पेन्सिलीला टोक करत असले, दे इकडे. कंदिलाची काच पुसत असले, फोडशील, दे इकडे. नऊ वर्षांची असताना मी माझी पहिली बाहुलीची खाट खिळे ठोकून बनवत होते; तीन पाय झाले होते, चौथा दादाने बसवला. खाट उत्तम झाली. आईने शेजारणीला दाखवली, "आमच्या मुलाने केली." मी तिथेच उभी होते. तीन पाय माझे होते हे मी कुणालाच सांगितलं नाही, आणि आता चव्वेचाळीस वर्षांनी ते आठवून माझे कान तापतात, यावरून माझं मन किती मोठं ते कळावं. नवऱ्याचं घर सोडलं त्या दिवशीही तेच. दादा टेम्पो घेऊन आला, मशीन त्याने उचललं, गाठोडी त्याने बांधली, नवऱ्याशी जे काय बोलायचं तेही तोच बोलला, धीराने, आवाज न चढवता. मी जिना उतरले ती मोकळ्या हातांनी. शेजारची बाई दारात उभी होती, तिने हात हलवला, आणि मला आठवतं, माझे हात इतके रिकामे होते की मी दोन्ही हात हलवले. वाक्यं मी तीन वर्षं जुळवत होते. एकही कामी आलं नाही. त्याने मला सोडवलं हे खरं. पण माझं भांडण मला करू दिलं नाही हेही खरं, आणि त्या दोन्ही खऱ्यांना एका पंगतीला बसवणं मला अजून जमलेलं नाही.

तर चाकाचं मी ठरवलं. हे मी करणार. पहिल्यापासून शेवटापर्यंत, माझ्या हातांनी, आणि येत्या रविवारी याच चाकावर टाकीपर्यंत चढणार. नवं चाक घ्यायचं नाही, दादाच्या हातात जुनं द्यायचं नाही. संध्याकाळी त्याचा फोन आलाच, सायकलवाल्याच्या पोटात काही राहत नाही. "अगं चाक नाही बसत म्हणे? घेऊन ये, दोन तासांचं काम." मी म्हटलं, "मी करते." मग तो हसला. वाईट हसला नाही, लहान मूल मोठ्यांच्या चपला घालून चालतं तेव्हा हसतात तसं. "बरं, कर. शनिवार संध्याकाळपर्यंत बघ. नाहीतर मी येऊन घेऊन जातो." ते हसू मी रात्रभर कानात घेऊन झोपले.

बुधवारी सगळी शिलाई बाजूला सारून मोजायला बसले. मोजणं मला येतं. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा डावा खांदा किती उतरलाय ते मला कळलेलं असतं. हबच्या दोन्ही टोकांना ज्या टोप्या असतात, त्या माझ्या चाकाच्या ओढल्यावर निघून येतात; म्हणजे लांब टोप्या करून घातल्या की रुंदी वाढणार. तेरा मिलिमीटर भरून काढायचे. पहिला विचार कुणालाही येईल तोच आला, साडेसहा इकडे, साडेसहा तिकडे. कागदावर लिहिलंसुद्धा. मग चहा ठेवला, आणि चहा उकळताना वाटलं, थांब. उजवीकडे गिअरची चक्रं आहेत. ती फ्रेमच्या उजव्या कानापासून, म्हणजे चिमट्याच्या उजव्या टोकापासून, ठरल्या अंतरावरच हवीत, नाहीतर साखळी तिथवर नीट पोचायची नाही. उजव्या बाजूला हात लावायचा तो जेवढ्यास तेवढा: साडेतीन. उरलेले साडेनऊ सगळे डावीकडे. डावीकडची ब्रेकची डिस्कही मग सहा मिलिमीटर बाहेर काढायची, तिच्याखाली तेवढ्या जाडीची चकती घालून. पण एकाच बाजूला जास्त जोड दिला की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. कोटाच्या एकाच कुशीला पट्टी लावली की पाठीची मधली शिवण मधोमध राहत नाही. चाकाची रिम फ्रेमच्या मधोमध न येता तीन मिलिमीटर उजवीकडे पडणार. म्हणजे मधली शिवण उसवून तीन मिलिमीटर डावीकडे घ्यायची. चाकाची शिवण म्हणजे त्याच्या तारा, बत्तीस स्पोक, सोळा डावीकडून ओढतात, सोळा उजवीकडून. उजव्या सैल करायच्या, डाव्या आवळायच्या. चहा उतू गेला. मी ओट्यापुढे उभी राहून मोठ्याने हसले. एकट्या बाईने स्वयंपाकघरात असं हसू नये म्हणतात, म्हणोत.

टोप्या आणि चकती मात्र लेथशिवाय होणाऱ्या नव्हत्या, आणि ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, लेथ दादाचंच. गुरुवारी सकाळी गेले. चाक मुद्दाम घरी ठेवलं. नेलं असतं तर ते परत आलं नसतं, तयार होऊन आलं असतं. वहिनी शेडच्या दारातच भेटली, डोळा मारून म्हणाली, "आज काय, चढाई का?" दादाने हात पुसले आणि माझ्यामागे बघितलं. "चाक कुठंय?"

"घरी. हे माप." मी कागद पुढे केला. कोटाच्या कागदावर काढतात तशीच आकृती, बाण, आकडे.

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "साडेतीन आणि साडेनऊ? असं कुठं असतं का. दोन्हीकडे सारखं वाट की. साडेसहा-साडेसहा."

"गिअर हलतील."

त्याने आकृतीवरून बोट फिरवलं. लेथचा पट्टा रिकामाच फिरत होता. "हं," म्हणाला. मग, "पण मग रिम एका अंगाला जाईल ना."

"तीन मिलिमीटर उजवीकडे. ओढून घेणार."

"कोण ओढणार?"

"मी."

"बारके, ते शिवणकाम नव्हे. एक तार ओढली की तीन हलतात. माझ्याच्याने पहिलं चाक झालं नव्हतं, आठवडाभर आउट जात होतं, लटपटत होतं. तू चाक आण, मी बसून—"

"दादा, तू टोप्या दे." माझा आवाज चिरका निघाला. वहिनी एकदम भांडी आवरायला आत गेली. त्याने ॲल्युमिनियमची सळई लावली. पुढचा दीड तास लेथ चालू होतं. पातळ चकाकत्या साली त्याच्या हाताखालून निघत होत्या, आणि त्याचं काम बघताना मला रागसुद्धा धड धरता येईना, इतकं ते बघण्यासारखं होतं. दर वेळी मोजायला व्हर्नियर लावायचा, माझ्या कागदाकडे बघायचा, पुन्हा लावायचा. माझ्या आकड्यांबाहेर तो केसभरही गेला नाही. टोप्या आणि चकती माझ्या तळहातावर ठेवल्या तेव्हा त्या गरम होत्या. "शनिवार संध्याकाळ," एवढंच म्हणाला.

स्टँड नव्हता, तर तडकलेली जुनी फ्रेम कापायच्या टेबलावर उलटी बांधली, चाकाला पुन्हा जुन्या टोप्या घातल्या आणि त्यात अडकवलं. वजन नको म्हणून गिअरची चक्रं काढली, डिस्कही काढली. फ्रेमला चिकटपट्टीने एक सुई लावली, तिचं टोक रिमला टेकेल न टेकेल असं. आता रिम सुईच्या टोकापासून तीन मिलिमीटर सरकली की जिंकले. तारांतल्या कोणत्या सोळा डाव्या आणि कोणत्या उजव्या यात गोंधळ नको म्हणून खडूने चाकावर दोन्ही अंगांना खुणा केल्या: डा आणि उ. तीस वर्षांच्या सवयीचा हात, खुणा होऊनही गेल्या, मला कळलंही नाही. मग पाव फेरी, पाव फेरी. निपलला, म्हणजे तारेच्या टोकाच्या नटाला, पाना लावायचा, उ सैल, डा घट्ट, पुढची. बत्तीस झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारची दुपार गेली, शुक्रवारचा आख्खा दिवस गेला. एक बाई परकर घ्यायला आल्या, त्यांना मी "उद्या" म्हटलं आणि दार लावलं. दादा खोटं बोलला नव्हता. एक तार ओढली की तीन हलत होत्या. रिम इकडे आली की तिकडे फुगायची, ते दाबलं की भलतीकडेच नाक वर. पण हळूहळू माझ्या बोटांना समजायला लागलं. धाग्याचा ताण बघायला तो बोटाने छेडतात, तशी मी तारही छेडून बघत होते. एक गोष्ट खटकत होती. डा म्हणून खूण केलेल्या तारा चिरक्या व्हायला लागल्या, पाना फिरवताना किरकिरत होत्या, आणि उ म्हणून केलेल्या जुन्या इलॅस्टिकसारख्या लोंबायला लागल्या. मला वाटलं, असंच असेल. शुक्रवारी संध्याकाळी सुई आणि रिम यांच्यामध्ये बरोबर तीन मिलिमीटर. पाठीचा कणा मोडला होता, आणि मी सुखात झोपले.

शनिवारी सकाळी नव्या टोप्या घातल्या, डिस्कखाली चकती, गिअर जागेवर. नव्या फ्रेमच्या चिमट्यात चाक सरकवलं, आणि ते बसलं. खट् असा आवाज करून दोन्ही कानांना टेकून बसलं, त्यांच्यातून आरपार जाणारा एक्सल लोण्यात सुरी जावी तसा गेला. मी टाळी वाजवली. मग मागे येऊन बघितलं. उजवीकडे टायर आणि फ्रेम यांच्यामधून पेन्सिलही गेली नसती, डावीकडून माझा अंगठा जात होता. पट्टी लावली: रिम मधल्या रेघेपासून सहा मिलिमीटर उजवीकडे. तीन होतं त्याचं सहा झालं होतं. दीड दिवस घाम गाळून मी चूक दुप्पट केली होती.

खाली बसले ती बसलेच. फरशी थंड होती. आणि माणसाचं मन किती नालायक, मला त्या क्षणी चाकाचं काही वाटेना, मला दादाचा चेहरा दिसायला लागला. तो ओरडणार नाही, चिडवणारही नाही, तो खाली वाकून चाक उचलेल आणि म्हणेल असू दे गं. त्या असू देला मी भ्याले. सोपं होतं सगळं. फोन उचलायचा. त्यालाही बरं वाटलं असतं, चाकही उत्तम झालं असतं, आणि मी उद्या त्याच्यावरच बसून टाकीवर गेले असते. कुणाचं काय बिघडलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला अगदी प्रामाणिकपणे विचारला. माझं बिघडलं असतं. मला यापुढे कधीच कळलं नसतं, मी मोकळ्या हातांनी जिना उतरले ती माझ्या हातांत काही नव्हतं म्हणून, की कुणी काही राहू दिलं नाही म्हणून. त्रेपन्नाव्या वर्षी हे कळलं नाही तर कधी कळायचं? रडायला आलं, तर रडले. रडताना समोर चाकच होतं. डोळे पुसले आणि पाहिलं, गिअरच्या चक्रांना लागून, उजव्या अंगाला, स्वच्छ पांढऱ्या खडूने लिहिलं होतं: डा.

मी उठून दुसऱ्या बाजूला गेले. डिस्कच्या बाजूला, डाव्या अंगाला: उ. आधी अंगावर काटा आला, मग हसू फुटलं, असं की पोट धरून पुन्हा खाली बसावं लागलं. अहो, आम्ही खुणा कपड्याच्या उलट्या बाजूने करतो! कपडा टेबलावर उलटा पडलेला असतो. सुलट केला की डावी बाही उजवीकडे जाते. म्हणून आमचा हात खूण करतानाच अदलाबदल करून मोकळा होतो, विचार करावा लागत नाही. तीस वर्षांत तो खडू एकदाही खोटं बोलला नव्हता, मग चाकाकडे बघायचं कशाला, मी खडूकडे बघत बसले. आणि चाकाला कुठली आलीय उलट बाजू! ही चूक दादाच्याने झाली नसती. सायकलवाल्याच्याने झाली नसती. ही चूक करायला आधी हजारो कोट उसवावे लागतात. मला त्या चुकीचा चक्क अभिमान वाटला. खडू पुसला, नव्याने काहीही लिहिलं नाही, गिअर उतरवला, जुन्या टोप्या घालून चाक जुन्या फ्रेममध्ये चढवलं, हातानेच चाचपून म्हटलं, ही डावी. आणि सुरुवात केली, आता सहा मिलिमीटर.

दुपारी चारपर्यंत जेवलेही नाही. पण कालचा दीड दिवस वाया गेला नव्हता, तो माझ्या बोटांत होता. कुठली तार रागावते, कुठली ऐकते, कुठे जोडीने घ्यायचं, सगळं ओळखीचं झालं होतं. पाना आपणहून थांबायचा. चिरक्या तारा उतरत गेल्या, लोंबणाऱ्या उभ्या राहिल्या. तीन मिलिमीटर परत आले, मग चार, पाच. पावणेपाचला टोप्या बदलून नव्या फ्रेममध्ये चाक घातलं, पट्टी लावली: डावीकडे बारा, उजवीकडे बारा. फिरवलं. इतकं सरळ फिरत होतं की ते फिरतंय हे कळायला तारांकडे बघावं लागत होतं. मग मी तारा छेडल्या, एक डावी, एक उजवी. अकरा वर्षं या चाकाच्या उजव्या तारा वरच्या पट्टीत बोलायच्या आणि डाव्या खालच्या. जुन्या मापात गिअरसाठी जागा करायला उजवीकडे जास्तच ओढ द्यावी लागते. आता दोन्हींचा सूर जवळजवळ एक होता. रिम डावीकडे आली तसं दोन्ही बाजूंचं ओझं वाटलं गेलं होतं. म्हणजे चाक नुसतं बसलं नव्हतं, ते आधीपेक्षा भक्कम झालं होतं. मी फिरून फिरून बत्तीसच्या बत्तीस तारा छेडल्या. पाचला दादाचा फोन. "येऊ का न्यायला?" मी म्हटलं, "सकाळी पायथ्याशी भेट." "झालं?" "झालं." "फिरवून बघितलंस? आउट नाही ना?" "ये आणि बघ."

रविवारी सकाळी पायथ्याशी तो आला, पण गाडीच्या मागे त्याची दुसरी सायकल बांधून. "असू दे आपली, लागलीच तर," माझ्याकडे न बघता म्हणाला. मला राग आला नाही. काळजीला तो तरी काय करणार, त्याला ती हातांतच येते. मी पायडल मारलं. मी पुढे, तो माझ्या मागच्या चाकाला चिकटून, बाकीचे पांगलेले. पहिली शंभर पावलं सपाट गेली. चढ लागला, मी उभी राहून जोर दिला, आणि मागून आवाज आला: टिक्. मग टिक् टिक्. मग फोडणीत मोहरी पडावी तसा ताड ताड ताड. मी हँडल घट्ट धरलं.

"थांब!" दादा मागून ओरडला. "बारके उतर! तारा तुटतायत, चाक जातंय!"

पाय थांबायला निघालेच होते. आयुष्यभर त्या आवाजाला थांबलेले पाय ते. पण कान ऐकत होते, आणि कानांना तो आवाज माहीत होता. नवी घट्ट शिवण पहिल्यांदा अंगावर चढते तेव्हा ती अशीच करकरते. तुटत नाही, जागा धरते. पिरगळलेल्या तारा जोर आल्यावर सुटून आपापल्या जागी बसत होत्या. तुटली असती तर रिम डोललीच असती, आणि खाली चाक रुळावर असल्यासारखं सरळ होतं. मी मागे न बघता ओरडले, "तुटत नाहीयेत! बसतायत!"

"अगं उतर म्हणतो ना!"

"नाही उतरत!"

आणि मी आणखी जोरात मारलं. ताड, ताड, टिक्. टिक्. दुसऱ्या वळणाला आवाज बंद पडला. एकदम. नुसता टायरचा खडीवरचा कुरकुर आवाज आणि माझा श्वास. त्या शांततेत माझ्या छातीत जे काही उसळलं त्याला मी आनंदच म्हणेन, दुसरा शब्द शोधत बसणार नाही. पायांना आग लागली होती आणि मी हसत होते, तोंड कोरडं पडलं तरी हसत होते. तिसरं वळण, जिथे मी दर वेळी उतरून ढकलत नेते, ते कधी गेलं कळलं नाही. जेवढा जोर मी देत होते तेवढा सगळाच्या सगळा जमिनीला पोचत होता, मध्ये कुठे काही डुलत नव्हतं, काही खात नव्हतं. टाकीची पांढरी भिंत दिसली तेव्हा मी बारक्या पोरीसारखी किंचाळले. वर फिरायला आलेले दोघं दचकून बाजूला झाले.

दादा मिनिटभराने आला. सायकल आडवी टाकली, दम लागलेला, आणि सरळ माझ्या सायकलीपाशी. ती उलटी केली, चाक फिरवलं. अंगठ्याचं नख रिमजवळ नेऊन धरलं आणि डोळा बारीक करून बघत बसला. एक फेरी, दुसरी, दहावी. नख कुठेच लागेना. मग दोन बोटांनी तारा छेडल्या, इकडची, तिकडची, पुन्हा इकडची. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा छेडली. तोवर बाकीचे जमले. त्यांच्यातले निवृत्त मास्तर, ज्यांना सगळ्यातलं सगळं कळून घ्यायचं असतं, वाकून म्हणाले, "अरे वा, जुनं चाक नव्या फ्रेमला? दादा, हे कसं काय जमवलंत हो?"

दादाने तोंड उघडलं. मी पाहिलं, वाक्य जिभेवर आलेलं होतं, टोप्यांचं असेल, लेथचं असेल, आणि ते खोटंही ठरलं नसतं. त्याने तोंड मिटलं. गुडघ्यावर हात ठेवून उठला, दोन पावलं मागे झाला आणि सायकलीपुढची जागा मोकळी केली.

"मला काय विचारता? मी फक्त टोप्या केल्या, त्याही तिच्या मापाने. चाक तिने केलंय. तिला विचारा."

मग मी सांगितलं. काय होतं, किती कमी होतं, उजवीकडे का नाही आणि डावीकडे का, सुई कशी लावली, तारा कशा रागावतात, सगळं. उन्हं वर आली, कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली तीही मी हातात तशीच धरून बोलत राहिले. खडूची चूकसुद्धा सांगितली, मास्तर हसून हसून खाली बसले. दादा टाकीच्या भिंतीला टेकून ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही.